क्राइनच्या ताटावरची प्रार्थना

क्राइनच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा मिनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दुपारचं जेवण वाढून झालं होतं. उकडलेले बटाटे, फरसबी, खिम्याचा एकेक गोळा आणि त्यावर पातळसर रस्सा. क्राइननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बोटांत बोटं गुंफली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. ही प्रार्थना मिना लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकत आली होती. कुठे त्याचा आवाज खाली येणार, कुठे तो श्वास घेणार, सगळं तिला पाठ होतं. 'या अन्नाला आम्ही पात्र नाही' इथपर्यंत तो आला आणि थांबला. पुढचं त्याला सापडेना. तिनं डोळे मिटूनच वाट पाहिली. शेवटी पुढचा शब्द सुचवावा म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तो बोलला.

धक्क्यावरची सगळ्यात वाईट शिवी होती ती. देवाचं नाव घ्यायचं आणि त्यालाच म्हणायचं, घाल मला नरकात. रॉटरडॅमला लोक बस चुकली तरी ती देतात आणि दुसऱ्या क्षणी विसरतात. पण झेलंडच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या बांधाआड वसलेल्या या गावात ती कुणी तोंडात आणत नसे. एखाद्या पोरानं आणलीच, तर त्याच्या आईला बेकरीत दोन बायका जागा करून देत, आणि त्या जागा करून देण्यातच तिला काय ते समजत असे.

क्राइननं ती प्रार्थनेच्याच सुरात म्हटली, सावकाश, आदरानं. मग 'आमेन' म्हणाला आणि बटाटा कुस्करायला लागला.

"काय म्हणालास तू आता?" मिनानं विचारलं.

"काय म्हणालो? रस्सा सरकव इकडे."

तिनं रस्सा सरकवला. स्वतःच्या ताटाला तिनं हात लावला नाही. त्याच्या काही लक्षात आलं नाही.

क्राइन असला माणूस नव्हता. उभा जन्म त्यानं शिंपल्यांच्या बोटीवर काढला, शेवटची चाळीसेक वर्षं स्वतःच्या बोटीचा तांडेल म्हणून. जाळी पाण्यात सोडायच्या आधी तो इंजिन बंद करायचा, टोपी काढायचा आणि मिनिटभर डोकं खाली घालून उभा राहायचा. तोवर बाकीच्या बोटी चांगल्या जागा धरून बसलेल्या असत. लोक त्याला म्हणत, "अरे बाबा, इंजिन चालू ठेवलंस तरी ऐकू जाईल की त्याला." क्राइन म्हणायचा, "त्याला जाईल. मला नाही जाणार." परसात कांद्याची पात लावायची असो की घड्याळाला चावी द्यायची असो, 'प्रभूची मर्जी असेल आणि आपण जगलो तर' हे शब्द आधी. कधीकधी मिना वैतागायची. म्हणायची, "कोबी लावायलासुद्धा तू वरून परवानगी आणतोस, आणि मी सांगितलेली फळी मात्र सहा महिने तशीच लोंबते." त्यावर तो हसायचा आणि त्याच दिवशी फळी ठोकून द्यायचा. जेवणाआधी प्रार्थना, जेवणानंतर शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, अध्याय, मग पुन्हा आभार. आजारी असला तरी, पाहुणे असले तरी. मुलगी प्लोनी लहानपणी म्हणायची, आपल्या घरात जेवणापेक्षा जेवणाच्या कडाच मोठ्या.

एवढं असून क्राइन कधी प्रभुभोजनाला बसला नाही. त्यांच्या मंडळीत ते असंच होतं. चर्च माणसांनी भरलेलं असायचं, पण भाकर आणि द्राक्षरसाच्या मेजाकडे उठून जायची मूठभरच माणसं. आपल्याला देवानं आपलं म्हटलंय, अशी ज्यांना आतून खूण पटलेली असे ती. बाकीचे बाकावर बसून बघत. क्राइन दर वेळी बघत बसायचा, हातांच्या मुठी गुडघ्यांवर ठेवून. घरी येताना बांधावरून चालता चालता मिना कधी विचारायची, "यंदाही नाही?" तो म्हणायचा, "नाही बोलावलं." एकदा खूप वर्षांपूर्वी तिनं विचारलं होतं, तू इतकं करतोस, मग अजून काय हवंय त्याला? क्राइन म्हणाला, "मी करतो ते मी करतो, मिना. त्याचं काय आहे त्यात?"

आता त्याला विसर पडायला लागला होता. आधी चाव्या, मग बोट विकल्याचं, मग प्लोनीच्या नवऱ्याचं नाव. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाले, हे उतरणीवरचं आहे, थांबत नाही. ते मिनानं पचवलं. तिच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं, पण आईच्या ओठांवर शेवटपर्यंत स्तोत्रं होती. स्वतःच्या मुलांची नावं विसरलेली बाई स्तोत्राचं कडवं चुकायची नाही. मिनाला वाटलं होतं, क्राइनचंही तसंच होईल. सगळं वाहून जाईल आणि तळाशी देव उरेल.

तळाशी ही शिवी उरली.

पहिले काही आठवडे तिनं ते झाकलं. जेवणाच्या वेळी खिडक्या लावून घ्यायला लागली. पडदा मात्र ओढता येईना, कारण दिवसाउजेडी पडदा ओढला की गाव विचारणार, आत काय चाललंय. मग तिनं ठरवलं, प्रार्थना आपणच म्हणायची. नवरा समोर बसलेला असताना बाईनं मोठ्यानं प्रार्थना करायची तिच्या घराण्यात रीत नव्हती. पहिल्या दिवशी तिचा आवाज तिलाच परका वाटला. क्राइन तिच्याकडे बघत राहिला आणि ती 'आमेन'ला पोचायच्या आधीच त्यानं तो शब्द उच्चारला. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तर ती शांतता त्याला सोसेना. तो काटा ताटावर आपटायला लागला.

मग एक दिवस तिनं पायपेटी उघडली. रविवारी संध्याकाळी स्तोत्रं वाजवायची ती जुनी पेटी. तिनं एक स्तोत्र धरलं, चर्चमध्ये म्हणतात तसं, एकेक स्वर लांबवत. क्राइन खुर्चीतून उठला, तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि गायला लागला. शब्द नव्हते, नुसता आवाज, पण सूर बरोबर होता. मिनानं तेच स्तोत्र पुन्हा पुन्हा वाजवलं. पाय दुखायला लागले तरी थांबली नाही. त्या रात्री ती झोपली ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली. सकाळी उठल्या उठल्या, कॉफीसुद्धा न ठेवता, ती पेटीपाशी गेली. पहिल्याच सुराला क्राइननं दोन्ही कानांवर हात घेतले आणि घराबाहेर निघून गेला, मोजे घातलेल्या पायांनी, बांधाकडे. त्यानंतर तिनं पुष्कळदा पेटी वाजवून पाहिली. तो एकदाही गायला नाही.

चर्चमधला प्रकार झाला तो शरदात. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. मंडळीतले पुरुष नेहमीप्रमाणे उठून उभे राहिले. क्राइनही उभा राहिला. मिनानं त्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी सरकवून ठेवली होती, मुद्दाम मोठी. प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच्या त्या शांततेत, गोळी गालात ढकलून, क्राइननं तो शब्द म्हटला. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये कुणी मागे वळून पाहिलं नाही. एखादं पोर हसलं असतं तरी मिनाला बरं वाटलं असतं.

पुढच्याच आठवड्यात मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पंच, घरी आले. यिलिस कोमान आणि त्याच्याबरोबर एक तरुण वडील, जो सबंध वेळ गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत बसला. यिलिस तिला लहानपणापासून माहीत. कोवळ्या वयात तो क्राइनच्या बोटीवर कामाला होता. आता सत्तरीचा, जाड भुवयांचा, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला. एरवी रस्त्यात भेटला की 'काय गं मिना' म्हणायचा. पण काळा कोट घालून चर्चच्या कामावर आला की 'तुम्ही' म्हणायचा.

मिनानं कॉफी दिली, दालचिनीचे गोड पाव दिले. क्राइन खिडकीपाशी बसून पाव खात होता. हातभर साखर, दाढीभर साखर.

"कसे आहात, तांडेल?" यिलिस म्हणाला.

क्राइननं त्याच्याकडे बघितलं. "तू कुणाचा?"

"कोमानांचा. यिलिस."

"हां," क्राइन म्हणाला आणि पाव खायला लागला.

यिलिसनं कप खाली ठेवला. मग तरुण वडिलांकडे वळून, पण खरं तर मिनाला ऐकवत, म्हणाला, "ह्या माणसानं मला एकदा भर ओहोटीत धक्क्यावर आणून सोडलं होतं. दोर सुटला आणि ही बोटं त्यात सापडली. माझ्या तोंडून तोच शब्द गेला. ह्यांनी बोटं फडक्यात बांधली, बोट वळवली, दिवसाची सगळी मासेमारी सोडून दिली. मला वाटलं डॉक्टरकडे नेतायत. नेलंच. पण वाटेत म्हणाले, यिलिस, बोटं गेली ती गेली. पण तू आत्ता ज्याच्याकडे जे मागितलंस ते त्यानं दिलं तर काय करशील? त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. तिथून मी प्रभूजवळ आणला गेलो."

मिनाला हे माहीत नव्हतं. बोटं गेल्याचं माहीत होतं, बाकीचं क्राइननं कधी सांगितलंच नव्हतं. यिलिस प्रभुभोजनाच्या मेजावर बसणाऱ्या मूठभरांतला होता. त्याला तिथवर पोचवणारा बाकावरच राहिला होता.

"मिना," यिलिस म्हणाला. मग त्याला आठवलं. "बाई. मला तुम्हाला एक विचारायचंय. इतक्या वर्षांत, तुम्हा दोघांतच, ते कधी काही बोलले का? प्रभू आपल्याला भेटला असं? एखादं वचन आपल्यासाठी आलं असं? एखादा शब्दसुद्धा पुरे."

त्याच्या आवाजात चौकशी नव्हती. मिनाला ते कळलं. त्यालाच ते हवं होतं, कदाचित तिच्यापेक्षा जास्त. ती हो म्हणाली असती तर त्यानं पुढे काही विचारलं नसतं. हो म्हणायचं, एक संध्याकाळ सांगायची, बांधावरची, वारा पडलेली. तिच्या ओठांशी आलंही. पण ज्या प्रभूबद्दल खोटं सांगायचं तो तर ऐकतच होता.

"नाही," ती म्हणाली.

यिलिसनं मान डोलावली. थोड्या वेळानं त्यानं जे सांगायला तो आला होता ते सांगितलं. मंडळीत लहान मुलं असतात. तांडेलांनी काही दिवस घरीच राहावं. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे असतो तसा चर्चमधली उपासना घरात ऐकू येईल असा डबा भिंतीवर बसवून देऊ. तुम्ही त्यांच्याबरोबर घरी ऐका.

"काही दिवस," मिना म्हणाली.

"हो," यिलिस म्हणाला. दोघांनाही माहीत होतं.

जाण्याआधी त्यानं प्रार्थना केली. क्राइननं मध्येच तो शब्द म्हटला, आणि यिलिसचा आवाज क्षणभर थांबून पुढे गेला, गाडी खड्ड्यातून जावी तसा. निरोप घेताना त्यानं क्राइनच्या साखरेनं चिकट झालेल्या हाताला हात मिळवला आणि तो हात पुसला नाही.

प्लोनी महिन्यातून एकदा यायची. ती ब्रेडाला राहायची, शाळेत शिकवायची. चर्च तिनं विशीतच सोडलं होतं. तिच्या घरी ताटं वाढली की लोक सरळ जेवायला लागत. पण आईवडिलांना 'तुम्ही' म्हणायची लहानपणची सवय तिनं सोडली नव्हती.

"आई, तुम्ही आरशात बघितलंय का स्वतःला?"

"आरशात बघून काय करू? बाजारात मांडायचंय मला?"

"तुम्ही झोपत नाही. बाबा पहाटे उठून धक्क्याकडे जातात आणि तुम्ही कोट चढवून मागे. एक दिवस दोघंही पाण्यात सापडाल."

"प्रभूची..." मिना म्हणाली आणि थांबली.

प्लोनीनं ते ओळखलं. पुढे झुकून तिनं आईचा हात धरला. "आई, त्या शब्दाचं एवढं नका घेऊ मनाला. मेंदूत एखादी तार सुटली की असं होतं. शाळेतल्या एकीच्या आईचं असंच झालं. आयुष्यभर सभ्य बाई, आणि शेवटी नर्सला काय काय म्हणायची. त्यात बाबा नाहीत."

"मग बाबा कुठे आहेत?"

प्लोनीनं विषय बदलला. हूस गावात विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे, खोल्या स्वच्छ आहेत, माणसं प्रेमळ आहेत.

"आपल्या लोकांची आहे का?"

"नाही. आपल्या लोकांच्या संस्थेत जागा नाही. विचारलं मी."

"तिथे रविवारी टीव्ही लावत असतील."

"आई, त्यांना कळत तरी असेल का रविवार आहे ते?"

"मला कळतं," मिना म्हणाली. प्लोनीनं तो विषय त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला ते घडलं. जेवण झालं होतं, ताकातली बार्लीची पेजही खाऊन झाली होती. मिनानं जाड शास्त्र पुढ्यात ओढलं. एवढं तरी ती चालू ठेवत होती. सलगपणे, एकही अध्याय न गाळता, क्राइन वाचायचा तशीच. त्या दिवशी नुसती वंशावळ होती. अमक्याचा तमका. तिनं पहिली ओळ वाचली आणि क्राइननं पुस्तक तिच्या हातातून हिसकावून भिंतीवर फेकलं. ती उठली, उचलायला वाकली. तो मागून आला आणि त्यानं तिला ढकललं. जोरात नाही, वाटेतली खुर्ची बाजूला सारावी तसं. ती शेगडीच्या कडेवर पडली आणि मनगटातून काहीतरी मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला.

क्राइन तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"बाई, लागलं का तुम्हाला?" त्यानं विचारलं. "तुमच्या घरचं कुणी आहे का? बोलावू का?"

त्यानंतर हूसला जाण्यावाचून मार्ग राहिला नाही.

मिना रोज बसनं जायची, हात प्लास्टरमध्ये, पर्स दुसऱ्या खांद्याला. दुपारच्या जेवणाला पोचेल अशी बस. संस्था खरंच स्वच्छ होती. जेवणघरात रेडिओ चालू असायचा, कुणी त्याकडे लक्ष देत नसे. ती क्राइनच्या शेजारी बसायची, त्याच्या ताटासमोर एका हाताचीच मूठ करून डोळे मिटायची आणि कुजबुजत प्रार्थना म्हणायची. घरात जे चुकलं ते इथे तरी चुकू नये. निदान एक माणूस या ताटावर देवाचं नाव घेतो, मग क्राइन त्याचं काय करेल ते करो.

क्राइन काय करायचा ते तिला दिसत होतं. शिवी द्यायचा. कधी ताट सारायचा. एकदा सूप टेबलावरून खाली गेलं आणि समोरच्या म्हातारीच्या मांडीवर. म्हातारी रडायला लागली. मारियेल नावाची मुलगी होती तिथे कामाला, तिनं सगळं पुसलं, म्हातारीला शांत केलं आणि मिनाला हाताला धरून बाहेर नेलं.

"बाई, रागावू नका, एक सांगू?"

"सांग."

"सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण ते नीट घेतात. हसतात, शेजाऱ्याच्या ताटातलं पळवतात, मग आम्हीही हसतो. फक्त दुपारी असं होतं. आणि मग दिवसभर ते अस्वस्थ असतात, दार शोधत हिंडतात." मारियेलनं तिच्याकडे पाहिलं. "तुमचं ते, म्हणजे तुमची प्रार्थना... त्यानंच होतं."

"मी मोठ्यानं म्हणत नाही."

"तुमचे डोळे मिटलेले दिसले तरी होतं. मी बघितलंय. तुम्ही जेवण झाल्यावर आलात तर? कॉफीच्या वेळी या. तेव्हा काही म्हणावं लागत नाही ना?"

कॉफीच्या वेळी खरंच काही म्हणावं लागत नव्हतं. मिना घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच बसनं आली, पण जेवणघरात गेली नाही. दाराच्या काचेपाशी उभी राहिली. ताटं आली. क्राइनपुढे बटाटे, कोबी, माशाचा तुकडा. रेडिओवर कुणीतरी गात होतं. क्राइननं टोपी काढली नाही, कारण टोपी घातलेलीच नव्हती. त्यानं काटा उचलला आणि खायला लागला. शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं, तो माणूस हसला, क्राइनही हसला. माशाचे काटे त्यानं व्यवस्थित कडेला काढून ठेवले. पुडिंग आलं तेव्हा चमचा दोन्ही बाजूंनी चाटला. पोटभर जेवून तो मागे रेलला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मिनानं त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर नाही, बोटीवर नाही, बांधावर नाही. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं.

देव त्याच्यातून निघून गेला होता आणि त्याला बरं वाटत होतं.

ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मारियेल ट्रे घेऊन जाता जाता थांबली आणि म्हणाली, "बघितलंत? किती छान जेवले." मिना म्हणाली, "हो, छान जेवले."

त्या दिवसापासून ती कॉफीच्या वेळी जायला लागली. ती आली की क्राइन तिला 'बाई' म्हणायचा आणि आपली खुर्ची द्यायचा. शिवी त्यानं तिच्यासमोर पुन्हा दिली नाही. गावात बेकरीत कुणीतरी विचारलं, आता बरं आहे का म्हणे? ती म्हणाली, हो, शांत आहे.

ती घरी एकटी जेवायची. प्रार्थना म्हणायची, अध्याय वाचायची. शब्द बरोबर यायचे, क्राइन थांबायचा तिथेच ती थांबायची. पण म्हणून झालं की तिला वाटायचं, आपण रिकाम्या खोलीत कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारली आणि आता दारापाशी थांबून राहायचं कारण नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. यिलिस एकदा येऊन गेला, त्यालाही नाही.

फेब्रुवारीत क्राइनच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, आता त्रास देऊ नये. प्लोनी ब्रेडाहून आली. दोघी त्याच्या खाटेच्या दोन बाजूंना बसल्या. मिना त्याच्या ओठांकडे बघत होती. तिच्या लोकांत मरणाऱ्याच्या शेवटच्या शब्दाला फार किंमत असे. आयुष्यभर ज्याला खूण मिळाली नाही, त्याला कधीकधी शेवटच्या घटकेला मिळते, आणि तो काहीतरी बोलून जातो, आणि मागे राहिलेल्यांना तेवढं पुरतं. तशा गोष्टी तिनं कितीतरी घरांत ऐकल्या होत्या.

दुपारच्या सुमारास क्राइननं डोळे उघडले. त्यानं छताकडे पाहिलं, मग दाराकडे.

"वारा येतोय," तो म्हणाला.

प्लोनी उठून दार लावून आली. परत येऊन बसली तेव्हा त्याचे डोळे पुन्हा मिटले होते. तो आणखी काही बोलला नाही. अंधार पडायच्या आत गेला.

अंत्यविधीला पाळकसाहेब मेलेल्या माणसाबद्दल काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे तसं बोलत नाहीत. ते जिवंत माणसांशी बोलले. अजून वेळ आहे, म्हणाले, पण किती आहे ते कुणाला ठाऊक नाही. यिलिस कोमान शवपेटी उचलणाऱ्यांत होता. तीन बोटांच्या हातानं त्यानं दांडी धरली होती आणि वाऱ्यात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्याचं की आणखी कशाचं ते सांगता येत नव्हतं. कबरीपाशी तो मिनासमोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं ते विचारलं नाही.

"मिना," एवढंच म्हणाला. काळा कोट अंगावर असूनही.

माणसं कॉफी पिऊन, हॅमचे पाव खाऊन गेली. संध्याकाळी घरात दोघीच उरल्या. प्लोनीनं वाटाण्याचं सूप गरम केलं, ताटल्या मांडल्या, पाव कापला. आईसमोर बसली. चमचा उचलायला तिचा हात गेला आणि थांबला. मग तिनं तो हात मागे घेतला, बोटांत बोटं गुंफली आणि मान खाली घातली. वीस वर्षांत तिनं हे केलं नव्हतं. डोळे मिटून ती आईची वाट बघत राहिली.

मिनानं तिच्या खाली घातलेल्या डोक्याकडे पाहिलं. भांगात पांढरे केस दिसायला लागले होते. सूप निवत होतं, वर साय धरायला लागली होती. पहिला शब्द तिला माहीत होता. तो जिभेवर होता, आणि तिथून तो हलेना. तिनं जोर लावून पाहिला. मग जोर लावायचंही सोडलं.

थोड्या वेळानं प्लोनीनं डोळे उघडले. "आई?"

"खा," मिना म्हणाली. "गार होतंय."

दोघी जेवल्या. सूपात मीठ थोडं कमी होतं, प्लोनीनं उठून मिठाची डबी आणली. जेवण झाल्यावर शास्त्र कपाटातच राहिलं. प्लोनी म्हणाली की आज रात्री ती राहते, उद्या पहिली बस पकडते. मिना म्हणाली, मग वरच्या खोलीत अंथरूण घालायला हवं, तिकडे फार गारठा असतो. ती उठली, सूपाचं पातेलं मोरीत ठेवलं आणि पांघरुणं काढायला जिना चढायला लागली.